आतून निळा पडलेला साबुकंद

माझ्या हातून आयुष्यात चुका कमी झाल्या असं मी म्हटलं, तर आमच्या घरात कुणी ऐकून घेणार नाही. यादी लांब आहे आणि आईला ती तोंडपाठ आहे. पण ज्या चुकीने माझे हातपाय खरोखर गार पडले ती फक्त चार शब्दांची होती. "साबुदाणा त्याचाच असतो. खा." एवढंच मी फोनवर बोलले होते, आणि तेही दुसरीकडे बघत.

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आईवडील वडूजजवळच्या आमच्या गावी, शेताशेजारच्या घरात राहतात. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली काही वर्षं केरळात गेली आणि तिथून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या. एक म्हणजे चहाच्या आधी दाढी करण्याची शिस्त, आणि दुसरी म्हणजे कप्प्याची आठवण. कप्पा म्हणजे साबुकंद. ज्या मुळांच्या पिठापासून आपला साबुदाणा होतो ते झाड. तिकडे लोक ती मुळं उकडून माशांच्या कालवणाबरोबर जेवतात. आमच्या घरी बटाट्याची भाजी झाली की आबा हमखास म्हणायचे, "ह्याच्या जागी कप्पा पायजे हुता." आई म्हणायची, "मग जावा की केरळात." हे संभाषण मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांच्या तिकडच्या एका जुन्या सोबत्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून कप्प्याच्या कांड्या धाडल्या. आबांनी त्या विहिरीच्या कडेला लावल्या. आमचा भाग कोरडवाहू, पण हे झाड पाण्यावाचून रुसत नाही. पावसाळा संपेपर्यंत ती माणसाहून उंच झाली. तांबडे देठ, हाताच्या बोटांसारखी फाटलेली पानं. गावाने ठरवून टाकलं की सुभेदारांनी एरंड लावलाय. गाव फारसं चुकलं नव्हतं, दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत. आबांना मात्र एरंड म्हटलेलं सहन व्हायचं नाही.

त्याच वर्षी आमच्या घरात आणखी एक गोष्ट वाढत होती. माझ्या वहिनीला लग्नानंतर नवव्या वर्षी दिवस राहिले होते. त्याआधी दोनदा आनंद झाला होता आणि दोन्ही वेळा तो तिसऱ्या महिन्यातच गेला. त्यामुळे या वेळी सगळेजण पाय न वाजवता चालत होते. भाऊ फौजेत, लांब सीमेवर. तो फोनवर चेष्टा करायचा की घरात हंडा कुणी उचलायचा यावर आबा आता ड्युटी लावतील. चेष्टा कसली, आबांनी खरंच लावली होती. हंड्यावर ते स्वतः, धुण्यावर आई, आणि वहिनीला फक्त तांदूळ निवडायचं काम. सहावा महिना लागला होता आणि शिवरात्र झाली की ती बाळंतपणासाठी माहेरी जाणार होती.

शिवरात्रीला आमच्याकडे घरोघरी रताळी उकडतात. त्या वर्षी आबा म्हणाले, रताळी कशाला, कप्पा काढू. साबुदाणा उपासाला चालतो, मग तो ज्यापासून होतो ते तर अधिकच चालणार. वहिनीलाही डोहाळे म्हणा, उत्सुकता म्हणा, त्याच मुळाची चव बघायची होती. शिवरात्रीच्या तीन दिवस आधी आबांनी सगळी झाडं उपटली आणि दुपारी मला फोन केला.

माझ्यासमोर प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघत होते, कुणीतरी नुकताच ब्युरेट फोडला होता. कानाला फोन लावूनच मी काचा गोळा करायला सांगत होते.

"आगं, कप्पा काडलाय," आबा म्हणाले. "उपासाला खाल्ला तर चालतंय न्हवं? तुझी वहिनी बी खाणार हाय."

तेव्हा मी ते चार शब्द बोलले. आबा क्षणभर थांबले. मी आणखी काही बोलेन अशी ते वाट बघत होते, हे मला त्या वेळी कळलंही नाही. मग ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

शिवरात्र झाली. मी सांगलीत साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि उपास केल्याचं समाधान मिळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आईचा फोन आला. आई त्या वेळी कधीच फोन करत नाही. दहा वाजता ती गोठ्यात असते.

"आगं, त्यो कंद आतनं निळा पडलाय," ती म्हणाली. "शाईचं वघळ गेल्यावानी. गल्लीत सगळ्यांचा तसाच झालाय. आन् तुझ्या वहिनीला उलटी झालीया. दोनदा."

"तिनं काय खाल्लं होतं?"

"त्योच. काल उरल्याला कच्चा कंद म्या चुलीच्या फुफाट्यात भाजाय घालून ठेवला हुता. सकाळी उठल्या उठल्या तिनं वाईच खाल्ला. काल बी खाल्ला हुता की."

माझ्या हातात खडू होता. तो कुठे पडला ते मला आठवत नाही.

मी इतकी का घाबरले ते सांगायला हवं. साबुकंदाचं झाड आपल्या पेशीत दोन वस्तू दोन वेगळ्या खोल्यांत ठेवतं. एका खोलीत साखरेला बांधून ठेवलेलं एक रसायन, दुसऱ्या खोलीत ती गाठ सोडवणारं विकर. कुणी मूळ चावलं, ठेचलं, किसलं की मधली भिंत मोडते, दोघांची गाठ पडते आणि सायनाइड मोकळं होतं. उंदीर, घुशी दूर ठेवायची झाडाची ही तऱ्हा. कोवळ्या ज्वारीतही हेच असतं. पावसाने ताण दिलेली खुरटी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते असं आमच्याकडे म्हणतात, ती किरळ म्हणजे हेच विष. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमची एक गाय दावं तोडून तशा ज्वारीत शिरली होती. ती बांधावर कशी थरथरत खाली बसली आणि परत उठली नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रसायनशास्त्राकडे मी वळले त्यात त्या गाईचा वाटा आहे. आणि दरवर्षी वर्गात हेच शिकवताना मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिते की साबुकंद दोन प्रकारचा असतो, गोड आणि कडू. गोड असेल तर साल काढून, उकडून खाता येतो. कडवा मात्र किसून, भिजवून, पिळून, वाळवूनच खायचा. नुसता भाजून तर नाहीच. दोन्हीतला फरक बघून ओळखण्याच्या भानगडीत पडू नये.

आणि माझ्या सख्ख्या वडिलांनी विचारलं तेव्हा मी एवढंही विचारलं नव्हतं की आबा, तुमचा कुठला आहे?

मी आईला म्हटलं, आत्ताच्या आत्ता वहिनीला वडूजच्या दवाखान्यात न्या. आबांना फोन द्यायला सांगितलं. "डॉक्टरांना सांगा, कसावा खाल्लाय, भाजून खाल्लाय. हाच शब्द सांगा. कसावा."

"गाडी काडलीया," आबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. फौजेतल्या माणसाचा आवाज सपाट झाला की समजायचं, आत काहीतरी चाललंय.

प्रयोगशाळेत आमच्या एका विद्यार्थिनीने ज्वारीच्या कोंबांवर प्रकल्प केला होता. त्यातल्या पिवळ्या कागदाच्या पट्ट्या उरल्या होत्या. ठेचलेल्या वस्तूतून सायनाइड निघत असेल तर बंद बाटलीत टांगलेली ही पट्टी पिवळ्याची नारिंगी आणि मग विटकरी होते. मी पट्ट्या घेतल्या, बुचाच्या बाटल्या घेतल्या, आणि का कोण जाणे, कोपऱ्यातला जांभळ्या उजेडाचा छोटा यूव्ही दिवाही पिशवीत टाकला. सहकारी बाईंना तास बघायला सांगितलं आणि गाडी काढली.

तासगाव, विटा, मायणी. एरवी त्या रस्त्याला मी द्राक्षबागा बघत जाते. त्या दिवशी मला फक्त माझे चार शब्द दिसत होते. डोकं सांगत होतं की काल खाल्लेल्याचा परिणाम व्हायचा तर कालच झाला असता, हे विष दिवसभर वाट बघत बसत नाही. पण आज सकाळी पुन्हा खाल्लंय, हेही तेच डोकं सांगत होतं. विट्याच्या पुढे मी नवस बोलले. मी नवस बोलणारी बाई नाही. काय बोलले ते इथे सांगणार नाही, कारण तो अजून पूर्ण फेडलेला नाही.

मायणीच्या अलीकडे फोन वाजला. मी गाडी कडेला घेतली. आबा होते.

"दोगीबी बऱ्या हायत," ते म्हणाले.

मला वाटलं वहिनी आणि आई. म्हटलं, "आईनंही खाल्लं होतं का?"

"आई न्हवं गं. पोटातली. म्हंजी पोटातलं. मी आपलं पोरगीच धरून चाललोय. ठोकं ऐकवलं मला डॉक्टरांनी. घोडं पळाल्यावानी वाजत्यात."

पोटातल्या जिवाचे ठोके आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले होते. आम्हा भावंडांच्या वेळी ते घरी नव्हतेच. डॉक्टरीणबाईंनी म्हणे सगळ्यांना फैलावर घेतलं. सहाव्या महिन्यात दिवसभर उपास, सकाळी रिकाम्या पोटी भाजलेला कंद आणि त्यावर कडक चहा, उलटी नाही होणार तर काय होणार? नाडी, श्वास, रक्तदाब सगळं ठीक होतं. दोन तास डोळ्यांसमोर बसवून ठेवलं आणि ताक-भात खायला घालून घरी पाठवलं.

माझा जीव भांड्यात पडला. हा वाक्प्रचार मी शंभर वेळा वापरला असेल, पण भांड्यात पडल्यावर जीव असा ठणकन वाजतो हे त्या दिवशी कळलं. मी गाडीत बसून मोठ्यांदा रडले. कडेच्या गुऱ्हाळावरचा रसवाला बघत होता. थोड्या वेळाने तो खिडकीशी आला आणि अगदी आदबीने म्हणाला, "बाई, रस देऊ काय? आलं-लिंबू घालून?" मी दोन ग्लास प्यायले. इतका गोड रस मी नंतर कुठे प्यायले नाही.

घरी पोचले तर वहिनी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघून तीच घाबरली.

"वन्सं, तुमचं तोंड किती उतारलंय! पाणी प्या आदी," ती म्हणाली आणि उठायला लागली. मी तिला जवळजवळ ढकलून खाली बसवलं. तिच्या पोटावर हात ठेवावा असं फार वाटत होतं, पण तेवढा अधिकार मला त्या दिवशी आपला वाटेना. तिनंच माझा हात धरून ठेवला. आतून कुणीतरी एक छोटी लाथ मारली.

अंगणात मात्र कोर्ट भरलं होतं. आबांनी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी अख्ख्या गल्लीत कंद वाटले होते. आता गल्लीतल्या बाया उरलेले तुकडे पदरात घेऊन आल्या होत्या. कापलेल्या प्रत्येक चकतीवर कडेने निळ्या-काळ्या रेघा उठल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या काकू सगळ्यांच्या वतीने बोलल्या.

"आमी तर खाऊन बसलोय बाई. आता काय हुईल ते एकदा सांगून टाक. म्हंजी जनावरांचं कोण बघंल ते ठरवाय बरं."

आबा बाजूला, आपल्या ताडपत्रीजवळ उभे होते. ताडपत्रीवर उरलेला कप्पा मांडला होता. तो बघून मला इतक्या काळजीतही हसू आलं. सगळी मुळं स्वच्छ धुतलेली, दोन्ही टोकं विळ्याने सरळ छाटलेली, उंचीप्रमाणे ओळीत लावलेली. जवानांच्या बुटांची तपासणी असावी तशी. वर सावलीला बारदान ताणलं होतं, वारा खेळता राहावा म्हणून दोन्ही बाजू उघड्या. आम्ही कांदा असाच राखतो, हळद अशीच राखतो. माती झटकायची, पात कापायची, वाऱ्यावर सुकवायचं, मग महिनोन्‌महिने बघायला नको. आबांनी त्यात फौजेतली टापटीप ओतली होती.

मी आधी बाटल्या लावल्या. एका बाटलीत साबुकंदाचा पाला ठेचून घातला, दुसरीत साल, तिसरीत आतला पांढरा गर, चौथीत निळा पडलेला गर. प्रत्येकीत पिवळी पट्टी टांगली, बुचं घट्ट लावली आणि चुलीच्या उबेला ठेवली. पाल्यात आणि सालीत हे विष असतंच, म्हणजे पट्टी काम करते की नाही ते कळणार होतं. काकूंना म्हटलं, खरा निकाल उद्या सकाळी. पण उलटी, चक्कर, धाप यातलं काही तुमच्यापैकी कुणाला आत्तापर्यंत झालं नाही ना? मग आता होणारही नाही.

"मग ह्ये निळं काय?" त्यांनी विचारलं.

मग मी सगळ्यांना आतल्या धान्याच्या खोलीत नेलं. तिला खिडकी नाही, भरदुपारी काळोख असतो. सकाळी छाटलेली एक चकती हातात धरली आणि जांभळा दिवा लावला. चकतीच्या कडेने निळंशार तेज उमटलं. बाया एकदम मागं सरकल्या. कुणीतरी "आई गं" म्हणालं.

"हे विष नव्हे," मी म्हटलं. "हा मलम आहे."

आणि मग मी, दरवर्षी फळ्यावर शिकवते त्याहून बरं शिकवलं असावं, कारण कुणीही जांभई दिली नाही. बटाटा, आलं, हळद यांना डोळे असतात. त्यांना पुढच्या हंगामात स्वतः उगवायचं असतं. म्हणून जमिनीतून काढलं, जखम झाली, तर ते खपली धरतात आणि गप झोपून राहतात. साबुकंदाला डोळा नाही. त्याचं नवं झाड कांडीपासून होतं, मुळापासून नव्हे. मूळ म्हणजे नुसतं झाडाचं कोठार. उपटलं की त्याला वाट बघायला काही उरत नाही. पण जखम झाल्यावर धडपडायची खोड त्यालाही आहे. छाटलेल्या जागी वारा लागला की ते भराभर रसायनं तयार करतं. त्यातलंच एक ह्या दिव्याखाली चमकतं. खपली धरेपर्यंत मात्र ते टिकत नाही. तीच रसायनं हवेने काळी-निळी होतात, वांगं चिरून ठेवल्यावर काळं पडतं तसंच. दोन-तीन दिवसांत सगळं मूळ नासतं. चव जाते, वास येतो, पण म्हणून ते विषारी होत नाही.

"म्हंजी जितकं छाटलं तितकं नासलं?" आई दारातून म्हणाली.

"हो."

"आन् वाऱ्यावर ठेवलं म्हणून आणिक नासलं?"

"हो."

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबा धान्याच्या कणगीकडे बघत होते.

आई स्वयंपाकघरात गेली. आमच्याकडे माठाखाली एका फुटक्या घागरीच्या बुडात ओली वाळू असते. माठाचं पाणी झिरपून ती ओली राहते आणि आई तिच्यात आलं पुरून ठेवते. तिथून तिने पाच-सहा वेडीवाकडी मुळं उपसून आणली. ओळीत नीट बसत नाहीत म्हणून आबांनी बाजूला टाकलेली. आईला विळा लावायचा कंटाळा, म्हणून बोटभर खोड तसंच ठेवलेली. तिने त्यातलं एक मधोमध मोडलं. आतून खोबऱ्यासारखं पांढरं होतं.

काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "सुभेदार, तुमची पलटण नासली आन् सुभेदारीणबाईंचा भंगार माल ऱ्हायला की वो!" मग सगळीच गल्ली हसली. दिवसभर पोटात धरून ठेवलेली भीती त्या हसण्यातून निघत होती. बाया एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. आबाही शेवटी मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "तिकडं मी निस्ता खाल्लाय वो. काडताना कवा बघितलाय?"

संध्याकाळपर्यंत पाल्याच्या बाटलीतली पट्टी विटकरी झाली होती. सकाळी उठून बघितलं तर सालीचीही विटकरी झाली होती, आणि गराच्या दोन्ही बाटल्यांतल्या पट्ट्यांवर नारिंगीची जेमतेम झाक होती. गोड जात. मी त्या पट्ट्या काकूंना नेऊन दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून एकेक पट्टी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "जगलो म्हणायचं." मग मला चहा दिला.

मी घरी परतले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी चुलीजवळ बसले. हलकं हलकं वाटत होतं. म्हटलं, "नशीब, जात गोड निघाली. मी विचारलंसुद्धा नव्हतं आबांना."

आईने भाकरी उलटली. "त्यांनी बघितलं हुतं," ती म्हणाली.

"काय बघितलं होतं?"

"तुला फोन क्येला त्या सांजंला एक कंद उकडून खाल्ला त्यांनी. एकट्यानं. पोटभर. मला म्हणलं, हात लावू नगंस. मग घड्याळ म्होरं ठिवून ओट्यावर बसलं. दुसऱ्या दिसी सांजंपातूर कुणाला दिला न्हाई. मग म्हणलं, आता वाट."

"कशासाठी?" मी विचारलं.

"तिकडं कडवा बी असतोय म्हणं. कुणाची तरी शेरडं मेल्याली ह्यांनी बघितली हुती. सोबत्यानं गोडच धाडला आसंल, पर धाडताना कांडी बदलली तर? म्हणून. लंगरात न्हाई का, आदी सायब चाखतोय, मग जवान खात्यात." तिने भाकरी निखाऱ्यावर टेकवली. "भाजल्याला मीच दिला तिला. त्ये काय म्हायती नव्हतं त्यांना. काल दवाखान्यात त्येच्यापायी निस्तं दगड झाल्त."

"मग मला फोन कशाला केला होता?"

"तू शिकलीयास न्हवं. तू सांगशील म्हणून वाट बघितली की त्यांनी."

मला फोनवरची ती क्षणभराची शांतता आठवली. गल्लीत कंद वाटताना आबा प्रत्येक दारात काय म्हणाले होते, ते मला आदल्या दिवशीच काकूंनी सांगितलं होतं. "आमच्या पोरीला इचारलंय. पोरगी म्हणली, खा." स्वतः चोवीस तास घड्याळापुढे बसून काढले होते आणि नाव माझं सांगितलं होतं. मला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या पोटात मला बरंही वाटत होतं, हे मी लपवत नाही. माझ्या निष्काळजीपणाच्या आणि माझ्या वहिनीच्या मधे कुणीतरी बसलं होतं.

आबा बाहेर ताडपत्री धूत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मनात बरंच काही होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "आबा, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"काय हुतंय मला," ते म्हणाले. "तू परीक्षेत हुतीस. आवाज येत हुता मागनं." आणि ताडपत्री झटकली. सगळं पाणी माझ्या अंगावर उडालं.

वहिनीला माहेरी मुलगी झाली. भावाला सुट्टी मिळाली आणि तो बारशाला पोचला. आबांनी वर्षभरात कप्प्याचं शास्त्र नव्याने शिकून घेतलं. आता झाडांचे शेंडे काढणीच्या दोन आठवडे आधी छाटतात, म्हणजे मुळं थोडी जास्त टिकतात. लागेल तेवढंच उपटतात. बोटभर खोड ठेवतात आणि सरळ ओल्या वाळूत पुरतात. आईच्या फुटक्या घागरीला मानाची जागा मिळाली आहे. आल्याला दुसरीकडे जावं लागलं.

यंदा शिवरात्रीच्या दोन दिवस आधीच मी गावी गेले. रजा टाकून. बाटल्या आणि पट्ट्या घेऊन गेले होते, त्या दुपारी लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गराच्या पट्ट्या पिवळ्याच होत्या. आईने साल काढून पहिला कंद उकडला, पाणी ओतून दिलं आणि ताटली ओट्यावर आणून ठेवली. भाची अंगणात रांगत होती. वहिनी तिच्या मागे मागे. आबांनी नेहमीच्या सवयीने ताटलीकडे हात नेला.

मी ताटली माझ्याकडे ओढली. "आज मी आधी."

"पट्टी पिवळी हाय की," आबा म्हणाले.

"असू दे."

मी पहिला तुकडा खाल्ला. मीठ जरा कमी होतं. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, पोटभर खाल्लं. आबांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ओट्यावर ठेवलं आणि माझ्याशेजारी बसून राहिले.